शाळाखोल्यांसाठी कर्जरोखे : आलापल्लीच्या संदर्भात एक आढावा

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मोडकळीला आलेल्या इमारती दुरुस्त करायच्या, तर दरवर्षी मिळेल तेवढ्या अनुदानात चार खोल्या उरकायच्या, की एकदाच मोठी रक्कम कर्जरोख्यांतून उभी करून सगळ्या खोल्या दोन-तीन वर्षांत नीट करायच्या? अमेरिकेत हा प्रश्न मतदारांसमोर थेट कौलासाठी ठेवला जातो. आपल्याकडे तो अजून चर्चेच्या पातळीवर आहे, आणि तीही विस्कळीत. शिक्षणाची माणसे निधीच्या कमतरतेवर बोलतात, वित्ताची माणसे शहरांच्या रोख्यांवर बोलतात. ग्रामीण शाळेच्या छताशी या दोन्ही चर्चा क्वचितच जुळतात.

हा आढावा आलापल्लीचा संदर्भ धरून घेतला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले हे गाव सागवानाच्या जंगलासाठी ओळखले जाते. चंद्रपूरकडून येणारा रस्ता इथून सिरोंचा, भामरागड आणि एटापल्लीकडे फुटतो. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूकही याच भागातून होते. जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र वनाखाली असल्याने स्थानिक कराचा पाया अगदी लहान आहे. उलट जंगल आणि खाणीतून निघणारी संपत्ती मोठी आहे. रोख्यांची कल्पना इथे टिकते का, हे तपासले की तिची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही उघड होतात.

इमारती एकदम का म्हाताऱ्या झाल्या

चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या १९६२ मध्ये, आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा झाला. त्या काळातल्या अनेक शाळा कौलारू होत्या. मातीच्या किंवा विटांच्या भिंती, लाकडी वासे, वर मंगलोरी कौले असे त्यांचे रूप. दरवर्षी पावसाआधी कौले परतून घेतली आणि वाळवीवर लक्ष ठेवले, तर अशी इमारत पन्नास वर्षेही उभी राहते. ते सुटले की चार पावसाळ्यांत वासा कुजतो.

नंतर बांधकामाच्या लाटा आल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन पक्क्या खोल्या हे उद्दिष्ट ठेवले. नव्वदच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, २००१ पासून सर्व शिक्षा अभियान. खोल्या झाल्या, आणि त्या होणे मोठेच काम होते. पण लाटेत बांधलेल्या खोल्या एकाच वेळी जुन्याही होतात. ज्या स्लॅबला आज पंचवीस-तीस वर्षे झाली, त्यातून पाणी झिरपून सळया गंजल्या आहेत, प्लास्टर निखळते आहे. एकाच दशकातल्या शेकडो खोल्या एकाच दशकात दुरुस्तीला येतात, तर दुरुस्तीचे अनुदान मात्र दरवर्षी सारखे, थोडे थोडे येते. गरज एकदम उसळते आणि पैसा झिरपत येतो. माझ्या मते या सगळ्या चर्चेचे मूळ इथे आहे. निधी कमी आहे हे खरेच, पण तो चुकीच्या वेळापत्रकाने येतो याकडे कमी लक्ष गेले आहे.

कायद्याने अपेक्षा ठरवून दिलेली आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, बारमाही वापरता येणारी इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, अडथळा नसलेला प्रवेश आणि कुंपण हे सारे त्याच्या परिशिष्टात आहे, आणि पूर्ततेसाठी तीन वर्षांची मुदत होती. त्याआधी, २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले दगावली. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी गेले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेत सात मुले गेली. प्रत्येक दुर्घटनेनंतर तपासणीचे आदेश निघतात आणि धोकादायक खोल्यांच्या याद्या होतात. यादी झाली की पुढचा प्रश्न पैशाचा येतो आणि तिथे काम थांबते.

आज पैसा कुठून येतो

सर्वांत जवळचा पैसा म्हणजे समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान. तीस विद्यार्थ्यांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. यात खडू, दप्तर, वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ डागडुजी सगळे भागवायचे. अहेरी, भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत वीस-तीस पटाच्या शाळा सर्रास आहेत. दहा हजारांत फुटलेली कौले बदलता येतील, एखादी खिडकी बसवता येईल. स्लॅबवर पाणीरोधक थर द्यायचा झाला तरी ही रक्कम पुरत नाही.

त्याच्या वर जिल्हा वार्षिक योजना, आदिवासी घटक कार्यक्रम, जिल्हा परिषदेचा सेस फंड, आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी. सेस फंड म्हणजे जमीन महसुलावरील उपकर वगैरेंतून येणारा स्वनिधी. मुद्रांक शुल्कातला वाटाही जिल्हा परिषदेला मिळतो. पुणे-ठाण्यासारख्या जिल्ह्यांत जमिनीची खरेदी-विक्री भरपूर, म्हणून हा वाटा घसघशीत असतो. जिथे बहुतांश जमीन वनखात्याची आहे तिथे महसूलही थोडा आणि व्यवहारही थोडे. ग्रामपंचायतींकडे वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या आयोगाने त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, उरलेल्या अबंध भागावर गावातल्या साऱ्या गरजांचा दावा. पेसा कायद्याखालील अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी घटक कार्यक्रमाच्या ५ टक्के अबंध निधी थेट मिळू लागला. काही ठिकाणी त्यातून शाळेची कामे झाली आहेत, पण शाळेची इमारत जिल्हा परिषदेची असल्याने मोठ्या दुरुस्तीला ग्रामपंचायत कचरते.

शासनाने वेळोवेळी वेगळ्या योजनाही आणल्या. आदर्श शाळांची योजना ४८८ शाळांपुरती होती. २०२३ मध्ये कंपन्यांनी शाळा दत्तक घ्याव्यात असा निर्णय निघाला आणि त्यावर खासगीकरणाच्या भीतीने टीका झाली. निवडक शाळा उजळतात, बाकीच्या यादीत राहतात, हा या योजनांचा समान अनुभव.

पैसा मंजूर झाला तरी वाट लांब आहे. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जातो. बांधकाम विभागाचा अभियंता पाहणी करतो, अंदाजपत्रक होते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. खोली पाडण्याजोगी असेल तर आधी निर्लेखन मंजूर व्हावे लागते. ते होईपर्यंत जुनी खोली पाडता येत नाही आणि तिच्या जागी नवीही उभी राहत नाही. तोवर मुले एका खोलीत दोन-तीन वर्ग करून, व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात बसतात. दुर्गम गावांत कामाचे दिवसही मोजके. जून ते ऑक्टोबर नाले-नद्या रस्ते अडवतात. मे महिन्यात गावातले बहुतेक हात तेंदूपत्त्याला लागलेले असतात. आतल्या गावांच्या लहान निविदांना कंत्राटदार मिळत नाही, कारण सिमेंट-लोखंड पोचवण्याचा खर्चच कामाच्या रकमेला खाऊन टाकतो.

रोख्यांचा आजवरचा अनुभव

भारतात शहरांनी रोखे काढायला सुरुवात नव्वदच्या दशकात केली. बंगळुरूने १९९७ मध्ये राज्याच्या हमीवर रोखे काढले. अहमदाबादने १९९८ मध्ये हमीशिवाय १०० कोटी उभे केले. महाराष्ट्रात १९९९ मध्ये नाशिक, पाठोपाठ २००१ मध्ये नागपूर. मधल्या मोठ्या खंडानंतर २०१५ मध्ये भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने नियम घातले आणि २०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के दराने २०० कोटींचे रोखे विकले. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटी उभारले. या सगळ्यांत एक साम्य आहे. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी असे नियमित उत्पन्न हाताशी असलेल्या महापालिकांनीच ते काढले, आणि बहुतेक वेळा उत्पन्न देणाऱ्या कामांसाठी.

लहान संस्थांसाठी तमिळनाडूचा प्रयोग जास्त उपयोगी आहे. तिथे या शतकाच्या सुरुवातीला डझनभराहून अधिक लहान नगरपालिकांच्या पाणी-सांडपाण्याच्या गरजा एकत्र करून राज्यस्तरीय निधीने सुमारे ३० कोटींचे रोखे काढले. एकेकट्या गावाला बाजाराने दारात उभे केले नसते. राखीव निधी आणि अंशतः हमीमुळे एकत्रित रोख्यांना चांगले मानांकन मिळाले.

शाळांपुरते पाहिले तर देशातले सर्वांत मोठे उदाहरण केरळचे. केरळ पायाभूत सुविधा गुंतवणूक निधी मंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले आणि २०१६ मध्ये त्याची नव्याने रचना झाली. मोटारवाहन करातील वाढता वाटा आणि इंधनावरील उपकर त्याला कायद्याने बांधून दिला. या उत्पन्नाच्या भरवशावर मंडळाने कर्ज उभारले. २०१९ मध्ये लंडनच्या बाजारात रुपयातले २,१५० कोटींचे रोखे ९.७२३ टक्क्यांनी विकले. मंडळाच्या पैशातून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील एका सरकारी शाळेला ५ कोटींपर्यंत आणि आणखी शेकडो शाळांना त्याहून कमी रक्कम मिळाली. इमारती झाल्या, हे प्रत्यक्ष दिसते. आक्षेपही तितकेच ठोस आहेत. हे कर्ज अर्थसंकल्पाबाहेरचे असल्याने राज्याची खरी देणी झाकली जातात, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदवले. केंद्राने अशी कर्जे राज्याच्या कर्जमर्यादेत धरायला सुरुवात केली. केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले.

महाराष्ट्रालाही अशा कर्जाची आठवण आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाने राज्याच्या हमीवर रोखे काढून धरणे सुरू केली. पाण्यातून उत्पन्न अपेक्षेप्रमाणे आले नाही आणि परतफेडीचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. राज्याच्या वित्त विभागाचा महामंडळांच्या रोख्यांकडे पाहण्याचा सावधपणा त्या अनुभवाला धरूनच आहे.

अमेरिकेत शाळेचे रोखे ही रुळलेली पद्धत आहे. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये मालमत्ता करावर मर्यादा आली. स्थानिक रोख्यांना तिथे दोन-तृतीयांश मतांची गरज होती. २००० मध्ये शाळांपुरती ही अट ५५ टक्क्यांवर आणली गेली, पण सोबत कामांची यादी आधी जाहीर करणे, दरवर्षी लेखापरीक्षण आणि नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक झाली. मतदार डोळे मिटून होकार देत नाहीत. मार्च २०२० मध्ये १,५०० कोटी डॉलरचा राज्यव्यापी प्रस्ताव त्यांनी फेटाळला, नोव्हेंबर २०२४ मध्ये १,००० कोटींचा मान्य केला. याच राज्यात पोवे नावाच्या शालेय जिल्ह्याने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर असे उचलले की वीस वर्षे हप्ताच नाही, आणि शेवटी फेड जवळपास शंभर कोटी डॉलर. त्यानंतर २०१३ मध्ये अशा कर्जांवर कायद्याने मर्यादा घातली गेली.

बाजूने काय म्हटले जाते

रोख्यांचे समर्थक पहिला मुद्दा वेळेचा मांडतात. गळक्या छताची दुरुस्ती पुढे ढकलली की ती महाग होते. आज पाणीरोधक थराने भागेल तिथे पाच वर्षांनी स्लॅब तोडावा लागतो. शिवाय मुलाचे वय थांबत नाही.

हा मुद्दा आकड्यांत तपासून पाहता येतो. समजा एखाद्या जिल्ह्याला आजच्या भावाने १०० कोटींचे काम करायचे आहे. ८ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी कर्ज घेतले तर वार्षिक हप्ता सुमारे ११ कोटी ६८ लाखांचा, एकूण परतफेड १७५ कोटी. हे ऐकून कोणीही दचकेल. पण तेवढेच ११ कोटी ६८ लाख दरवर्षी थेट कामावर खर्च केले आणि बांधकामाचा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेला, तर १५ वर्षांत आजच्या भावाने ११३ कोटींचे काम होते. म्हणजे घाईची किंमत ७५ कोटी नसून सुमारे १३ कोटींच्या कामाइतकी आहे. उलट बाजूला, कर्जाशिवाय निम्मे काम व्हायला पाच वर्षे लागतील आणि १०० कोटींचा टप्पा गाठायला तेरावे वर्ष उजाडेल. पहिलीत आलेले मूल पाचवीतून बाहेर पडेल तेव्हा निम्म्या खोल्या तशाच असतील. त्या काळात न दुरुस्त केलेल्या खोल्या आणखी खराब होतील, तो खर्च या हिशेबात धरलेलाच नाही. व्याज आणि महागाईचे दर बदलले की उत्तर बदलेल. व्याज महागाईहून जितके वर, तितके कर्ज महाग.

दुसरा मुद्दा न्यायाचा. छप्पर पंचवीस वर्षे टिकणार असेल तर त्याचा भार एकाच वर्षाच्या अंदाजपत्रकाने का उचलावा? पुढच्या वीस तुकड्याही त्याखाली बसणार आहेत. तिसरा मुद्दा कामाच्या आकाराचा. एका खोलीच्या निविदेला अहेरी तालुक्यातल्या पेरमिलीच्या पुढे कंत्राटदार येत नाही, पण तालुक्यातल्या सगळ्या खोल्यांचे एकत्र काम निघाले तर साहित्याचा साठा, मिस्त्री आणि देखरेख यांची सोय परवडते. हा मुद्दा कागदावर छोटा वाटतो, पण दुर्गम भागात तोच निर्णायक ठरू शकतो.

चौथा मुद्दा शिस्तीचा. रोखे घेणारा हिशेब मागतो. त्यासाठी मालमत्तेची नोंद, लेखापरीक्षण, मानांकन हे सारे नीट ठेवावे लागते. पुण्यासारख्या महापालिकांनाही रोख्यांच्या तयारीत हिशेब सुधारावे लागले. जिल्हा परिषदेला हीच सवय लागली तर फायदा रोख्यांपुरता राहणार नाही, असे समर्थक म्हणतात.

आक्षेप

पहिला आक्षेप कायद्याचा. सेबीचे नियम घटनेच्या कलम २४३-क्यू खालच्या नगरसंस्थांसाठी आहेत. पंचायती आणि जिल्हा परिषदा त्यात थेट बसत नाहीत. १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्याखाली सरकारच्या संमतीने कर्जाची वाट आहे, पण ती शेअर बाजारातल्या रोख्यांची वाट नव्हे. म्हणून जिल्हा परिषदेने स्वतः रोखे काढण्यापेक्षा राज्यस्तरीय संस्थेने अनेक जिल्ह्यांसाठी एकत्र कर्ज काढणे हेच शक्यतेच्या कक्षेत येते.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा, आणि तो सर्वांत भक्कम आहे. शाळेची खोली पैसा मिळवत नाही. पाणीपट्टीसारखी तिची वसुली नाही, नसावीही. मग हप्ता कुठून? कॅलिफोर्नियात घरमालक वाढीव कर भरतो, केरळात इंधनावरचा उपकर आहे. गडचिरोलीत मालमत्ता कराची वाढ हे उत्तर होऊच शकत नाही. राज्याने हप्ता भरायचा असेल, तर ते राज्याचेच कर्ज झाले, आणि मार्च २०२२ पासून केंद्र ते राज्याच्या मर्यादेत धरते. अशा वेळी राज्याने नेहमीच्या विकास कर्जातून थेट पैसा द्यावा, कारण राज्याचे स्वतःचे कर्ज महामंडळाच्या कर्जापेक्षा स्वस्त पडते, असे वित्त विभागातले लोक म्हणतात. या युक्तिवादाला प्रामाणिक उत्तर एवढेच आहे, की थेट दिलेला पैसा पुढच्या अंदाजपत्रकात कापला जातो आणि कायद्याने बांधलेला हप्ता कापता येत नाही.

तिसरा आक्षेप कशासाठी कर्ज काढायचे याचा. छत बदलणे, पाया सावरणे, नवी खोली बांधणे हे दीर्घकालीन. रंग, दरवाजे, नळ हे तीन-चार वर्षांचे. पंधरा वर्षांच्या कर्जातून रंग लावला तर रंग उडाल्यावरही दहा-बारा वर्षे त्याचे हप्ते भरावे लागतात. रोख्यांच्या यादीत किरकोळ डागडुजी घुसू नये, याबद्दल समर्थक आणि टीकाकार यांच्यात मतभेद नाहीत.

चौथा आक्षेप लोकशाहीचा. गडचिरोली जिल्हा परिषदेच्या २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढच्या पिढीवर पंधरा वर्षांचे देणे टाकण्याचा निर्णय निवडून आलेल्या सभागृहाशिवाय घ्यावा का? पेसा क्षेत्रात ग्रामसभेचे स्थान याहून मोठे आहे. कामांची यादी ग्रामसभेपुढे न ठेवता मुंबईत ठरली, तर इथे विरोध होईल आणि तो रास्त असेल.

खाणीचा पैसा

गडचिरोलीत रोख्यांची चर्चा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाजवळ येऊन थांबते. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकाला रॉयल्टीशिवाय प्रतिष्ठानात भरणा करावा लागतो. जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी तो रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतरच्या लिलावातील पट्ट्यांसाठी १० टक्के. सुरजागडचा पट्टा २००७ चा, म्हणजे ३० टक्क्यांचा. तिथे २०२१ पासून उत्खनन नियमित झाले आणि २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के असल्याने प्रतिष्ठानाचा ओघ मोठा आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ७० टक्के खर्च अग्रक्रमाच्या क्षेत्रांवर व्हायचा आहे, आणि शिक्षण त्यात आहे.

इथे दोन मते पडतात. एक गट म्हणतो, एवढा ओघ असताना कर्जाची गरजच काय, खोल्यांची यादी प्रतिष्ठानासमोर ठेवा आणि तीन वर्षांत काम संपवा. दुसरा गट म्हणतो, याच ओघातला एक ठरावीक भाग हप्त्यासाठी बांधून द्या, म्हणजे कर्ज स्वस्तात मिळेल आणि पैसा इतरत्र वळणार नाही. पहिल्या मतात साधेपणा आहे. दुसऱ्यात धोका आहे, कारण खनिजाचा भाव पडला, वाहतूक थांबली किंवा न्यायालयाने स्थगिती दिली तर हप्ता अडतो. शिवाय शाळेच्या दुरुस्तीचे भवितव्य खाण चालू राहण्यावर अवलंबून ठेवणे अनेकांना मान्य नाही. खाणीला विरोध करणाऱ्या ग्रामसभांना तर ते विशेष खुपेल, आणि त्यांची अडचण समजण्याजोगी आहे.

अंतराचा प्रश्नही आहे. नव्या सूचनांत खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र प्रत्यक्ष बाधित धरले आहे. आलापल्ली त्याच्या बाहेर आहे, पण खनिजाचे ट्रक तिच्या रस्त्याने जातात आणि धूळ तिथल्या शाळांवर बसते. खाणीजवळच्या गावाचा हक्क आधी असावा यात शंका नाही. वाहतुकीच्या रस्त्यावरच्या शाळांना किती वाटा मिळावा, हे मात्र जिल्ह्यातच भांडून ठरणार आहे.

शेजारचा अनुभव

पैशाइतकाच काम कोण करणार हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आंध्र प्रदेशाच्या मन बडी-नाडु नेडु कार्यक्रमात २०१९ नंतर पहिल्या टप्प्यात १५,७१५ शाळांची कामे पालक समित्यांच्या हाती दिली गेली. सिरोंचाला लागून असलेल्या तेलंगणाने २०२२ मध्ये ७,२८९ कोटींची मन ऊरु-मन बडी योजना जाहीर केली. तिथे शाळा समित्यांनी कामे सुरू केली, पण अनेक ठिकाणी बिले अडकली आणि समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून दिलेला पैसा परत मिळायला उशीर झाला. कर्जरोख्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा अनुभव लक्षात घ्यायला हवा. पैसा आधी खात्यात असेल तरच समितीला काम द्यावे, हा त्यातला सरळ धडा आहे, आणि आधी पैसा जमा असणे हे रोख्यांचे बलस्थानही आहे.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा अनिर्णित प्रश्न शाळांच्या अस्तित्वाचा. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार शासनाने मांडला. ज्या शाळेचे भवितव्यच ठरलेले नाही तिच्या छतासाठी पंधरा वर्षांचे कर्ज कोण देईल? उलट, छत गळते म्हणून पालक मूल आश्रमशाळेत घालतात, पट घसरतो आणि शाळा बंद करण्याला आधार मिळतो. दुरुस्ती आणि पट यांचा हा संबंध दोन्ही दिशांनी चालतो. कोणत्या गावात शाळा राहणार, हे ग्रामसभेच्या संमतीने आधी ठरले पाहिजे, असे मला वाटते. त्याशिवाय रोख्यांचा प्रस्ताव वाळूवर उभा राहील.

दुसरा प्रश्न माहितीचा. शाळांच्या वार्षिक माहिती संकलनात खोल्यांची नोंद चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती अशी होते, पण ती मुख्याध्यापकांच्या अंदाजाने. अभियंत्याने हातोडी मारून पाहिलेली स्थिती त्यात नाही. खोलीनिहाय वर्ष, बांधकामाचा प्रकार, दोष आणि अंदाजित खर्च यांची खुली नोंदवही हवी. रोखे निघोत वा न निघोत, तिचा उपयोग आहे. ती नसेल तर १०० कोटी लागतात की ३००, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरा प्रश्न जमिनीचा. वनक्षेत्रातल्या अनेक शाळांच्या जागेचा कागद वनखात्याच्या नावावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीवरून शाळेसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत. ही तरतूद वापरून जुन्या शाळांचे कागद आधी नीट करता येतील. सावकार असो वा रोखेधारक, मालकी स्पष्ट नसलेल्या इमारतीवर विश्वास ठेवणार नाही.

चौथा प्रश्न दुरुस्तीनंतरचा. पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या खोल्या आज पडायला आल्या, त्याचे एक मोठे कारण देखभालीसाठी स्वतंत्र पैसा कधीच ठेवला नाही हे आहे. नव्या कर्जाबरोबर देखभालीची रक्कम कायद्याने बांधून दिली नाही, तर कर्ज फिटण्याआधीच त्याच खोल्या पुन्हा यादीत येतील. किती टक्के ठेवायचे, कोणाच्या खात्यात, आणि पावसाआधी पन्हाळ साफ झाली की नाही हे कोण पाहणार, यावर आजवरच्या कोणत्याही प्रस्तावात समाधानकारक उत्तर माझ्या पाहण्यात आलेले नाही. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आणि जिल्हा परिषद शाळा शिक्षण विभागाकडे, अशी विभागणी असल्याने एकाच गावातल्या दोन गळक्या छतांची देखभाल एकाच व्यवस्थेत आणणेही अजून बाकी आहे.